सिंथिया पार्करचे दोन बंदिवास

सन १८३६ च्या मे महिन्याची १९ तारीख. टेक्सासमध्यें नॅव्हासोटा नदीच्या उगमाजवळ, आजच्या ग्रोसबेक गांवानजीक, ओंडके उभे रोवून बांधलेली एक लहानशी गढी होती. तिला फोर्ट पार्कर म्हणत. आंत तीस-पस्तीस माणसें राहत होतीं आणि त्यांपैकीं बहुतेक एकाच पार्कर घराण्यांतलीं किंवा त्या घराण्याशीं सोयरिकीनें जोडलेलीं होतीं. त्या सकाळीं पुरुषांपैकीं बरेच शेतावर गेले होते आणि गढीचा मोठा दरवाजा सताड उघडा होता. हा निष्काळजीपणा पुढें पुष्कळांनीं दूषणास्पद ठरविला. परंतु त्यालाही कारण होतें. मार्च महिन्यांत मेक्सिकोच्या फौजेनें ॲलामोचा मठ काबीज केला तेव्हां वसाहतवाल्यांची सर्वत्र पळापळ झाली होती आणि पार्कर मंडळीही घर सोडून निघाली होती. २१ एप्रिल रोजीं सॅन जेसिंटो येथें मेक्सिकोच्या सैन्याचा पराभव झाला, आणि हीं माणसें आपल्या शेतांकडे परतलीं. एका संकटांतून नुकतीच मान सोडवून आलेल्या माणसाला दुसरें संकट लगेच दाराशीं येऊन उभें राहील असें सहसा वाटत नाहीं.

तें येऊन उभें राहिलें. कित्येक शें घोडेस्वार गढीसमोरच्या माळावर जमले. त्यांत कोमांची होते, किओवा होते, इतरही जमातींचे लोक होते. आणि पुढें एक पांढरें निशाण होतें. बेंजामिन पार्कर बोलणें करण्यास बाहेर गेला. आलेल्यांना मांसासाठीं एखादें गुरूं हवें होतें व पाण्याचा ठिकाणा हवा होता. बेंजामिन परत आला, भावाला, म्हणजे सायलसला, त्यानें सांगितलें कीं ह्यांचा बेत लढण्याचा दिसतो, आणि तरीही लढाई टळली तर पाहावी म्हणून तो पुन्हां बाहेर गेला. तो परतला नाहीं. थोड्याच वेळांत बेंजामिन, सायलस, त्यांचा वृद्ध पिता जॉन पार्कर आणि फ्रॉस्ट नांवाचे बापलेक असे पांच पुरुष मारले गेले.

सायलसची पत्नी ल्यूसी चार मुलांना घेऊन पळत होती. स्वारांनीं तिला गांठलें आणि तिचीं दोन मोठीं मुलें तिच्याच हातांनीं घोड्यांवर चढवावयास लावलीं. इतक्यांत शेतावरून धांवत आलेला डेव्हिड फॉकनबेरी बंदूक रोखून मध्यें पडला, म्हणून ल्यूसी आणि तिचीं दोन धाकटीं मुलें वांचलीं. घोड्यांवर गेलेलीं दोघें म्हणजे सुमारें नऊ वर्षांची सिंथिया ॲन आणि सुमारें सहा वर्षांचा जॉन रिचर्ड. त्यांच्याखेरीज सतरा वर्षांची गरोदर रेचेल प्लमर, तिचा दीड वर्षाचा मुलगा जेम्स प्रॅट, आणि एलिझाबेथ केलॉग ही प्रौढ स्त्री, अशीं एकंदर पांच माणसें त्या सकाळीं धरून नेण्यांत आलीं.

हीं पांचही माणसें एकाच दिवशीं, एकाच दारांतून गेलीं. पण त्यांच्या पुढील हकीकती इतक्या भिन्न आहेत कीं त्या सर्वांस बंदिवास हा एकच शब्द लावतांना संकोच वाटतो. हा भेद कां पडला हें कळण्यासाठीं धरून नेणारे कोण होते आणि त्यांना माणसें कशाला हवीं होतीं हें आधीं पाहिलें पाहिजे.

कोमांची ही उत्तरेकडील शोशोनी लोकांची एक शाखा. स्पॅनिश लोकांनीं अमेरिकेंत आणलेला घोडा सतराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास त्यांच्या हातीं आला, आणि पायीं हिंडून पोट भरणारी ही जमात एक-दोन पिढ्यांत दक्षिणेकडील अफाट गवताळ मैदानांची धनी झाली. अपाची लोकांना त्यांनीं तेथून हटविलें. त्यांच्या मुलखाला स्पॅनिश लोक कोमांचेरिया म्हणत. अलीकडचे कांहीं इतिहासकार त्याला साम्राज्य असें नांव देतात. ज्यांना राजधानी नाहीं, राजा नाहीं, कोठार नाहीं त्यांच्या सत्तेला हा शब्द थोडा मोठा वाटेल. पण मेक्सिकोची भूमि एका झपाट्यासरशीं पादाक्रांत करणाऱ्या स्पेनला हे लोक कधींही जिंकतां आले नाहींत, ही गोष्ट तरी निर्विवाद आहे.

मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर त्या सरकारनें अमेरिकन वसाहतवाल्यांना टेक्सासमध्यें जमिनी देऊं केल्या. ह्या औदार्यामागें जे हेतु होते त्यांत एक हाही होता कीं कोमांची स्वाऱ्यांपुढें हीं नवीं माणसें कुंपणासारखीं उभीं राहावींत. पार्कर घराणें सन १८३३ मध्यें इलिनॉय प्रांतांतून ह्या जमिनींच्या आशेनें निघालें. हीं माणसें कडव्या बॅप्टिस्ट पंथाचीं होतीं. कोण तरणार व कोण बुडणार हें ईश्वरानें आधींच ठरवून ठेवलें आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा. मिळालेली जमीन कागदोपत्रीं त्यांची होती. तिच्यावर पिढ्यान् पिढ्या शिकार करणाऱ्यांना तो कागद कोणीं दाखविला नव्हता, आणि दाखविला असता तरी त्यांनीं तो मानला असता असें नाहीं.

आतां माणसें धरून नेण्याविषयीं. कोमांचींची सर्व संपत्ति म्हणजे घोडे आणि गव्यांचीं कातडीं. शेंकडों घोडे राखावयास मुलें लागत. शिकार पुरुषानें केली तरी कातडें खरडून, मऊ करून, कमावून विकण्याजोगें करण्याचें कष्टाचें काम बायकांचें. ज्याच्या राहुटींत काम करणारे हात अधिक तो श्रीमंत. दुसरें असें कीं देवी आणि पटकी ह्या गोऱ्यांबरोबर आलेल्या रोगांनीं ह्या लोकांची संख्या वरचेवर घटत होती, आणि लढायांत तरुण मरत ते वेगळेच. रिकाम्या झालेल्या जागा भरण्यास परक्यांचीं लहान मुलें हा एक उपाय होता. तिसरें कारण शुद्ध व्यापाराचें. न्यू मेक्सिकोंतून व्यापारी येत, त्यांना कोमांचेरो म्हणत. ते कापड, लोखंड, धान्य देऊन घोडे घेत, कातडीं घेत आणि माणसेंही घेत. म्हणून धरून आणलेल्या प्रत्येकाचें काय करावयाचें ह्याचा निर्णय बहुतांशीं त्याच्या वयावर ठरे. प्रौढ पुरुष जागींच मारला जाई. प्रौढ स्त्री गुलाम होई किंवा विकली जाई. लहान मूल मात्र, तें टिकलें तर, घरचें होई. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे: कोमांचींच्या तावडींत सांपडलेल्यांत गोऱ्या वसाहतवाल्यांपेक्षां मेक्सिकन खेड्यांतील माणसें कितीतरी अधिक होतीं. त्यांच्या कहाण्या छापण्यास कोणी मुद्रक पुढें आला नाहीं, म्हणून त्या फारशा ऐकूं येत नाहींत.

स्वाऱ्या बहुधा चांदण्या रात्रीं होत. टेक्सासच्या सरहद्दीवर पौर्णिमेच्या चंद्राला कोमांची चंद्र म्हणत. आपल्याकडे ज्या चांदण्याचें कौतुक करतांना कवींची लेखणी थकत नाहीं, त्याच चांदण्याची तेथल्या घरांत भीति वाटे.

एलिझाबेथ केलॉगची सुटका सर्वांत आधीं झाली. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें डेलावेर जमातीच्या लोकांनीं तिला आणून दिलें आणि सॅम ह्यूस्टननें त्याबद्दल दीडशें डॉलर दिले. तिच्याविषयीं अधिक सांगण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं.

रेचेल प्लमरचें तसें नाहीं. कारण तिनें स्वतःची हकीकत लिहिली. तिचा दीड वर्षाचा मुलगा पहिल्या कांहीं दिवसांतच तिच्यापासून हिरावला गेला. ऑक्टोबरांत तिला दुसरा मुलगा झाला. दूध पिणाऱ्या मुलामुळें गुलामाच्या कामांत खोटी होते असें धन्याला वाटलें, आणि तें मूल सुमारें दीड महिन्याचें असतांना तिच्यादेखत मारण्यांत आलें. रात्रीं घोडे राखावयाचे, दिवसा कातडीं कमावावयाचीं, नेमून दिलेलें काम पुरें झालें नाहीं तर मार खावयाचा, असा तिचा क्रम होता. एके दिवशीं मात्र तिची सहनशक्ति संपली. मरण आलें तर बरेंच असें मनांत धरून ती आपल्या तरुण मालकिणीवर उलटली आणि गव्याच्या हाडानें तिला बदडून काढलें. भोंवतीं लोक जमले, पण कोणी मध्यें पडला नाहीं. मारून झाल्यावर रेचेलनेंच त्या बाईला उचलून तिच्या जखमा धुतल्या. त्या दिवसापासून तिची वागणूक सुधारली, कारण धैर्य ही एक गोष्ट त्या लोकांना शत्रूच्या ठिकाणींही मान्य असे. सन १८३७ च्या जून महिन्यांत कोमांचेरो व्यापाऱ्यांनीं तिला विकत घेतलें. सांता फे येथील विल्यम व मेरी डोनोहो ह्या दांपत्यानें त्यासाठीं पैसा दिला होता. तेथून मिसूरी, आणि मिसूरीहून घर, असा प्रवास करून १९ फेब्रुवारी १८३८ रोजीं ती माहेरीं पोंचली. तिची हकीकत त्याच वर्षीं छापली गेली. पुढच्या वर्षीं १९ मार्चला ती वारली, वय एकोणीस.

आपला मुलगा जिवंत आहे कीं नाहीं हें तिला अखेरपर्यंत कळलें नाहीं. तो जिवंत होता. सन १८४२ च्या अखेरीस जेम्स प्रॅट आणि सिंथियाचा भाऊ जॉन रिचर्ड ह्या दोघांना मोबदला देऊन सोडविण्यांत आलें. दोघांनाही इंग्रजी बोलतां येत नव्हतें. येथें एक विचित्र प्रकार घडला. रेचेलचा बाप जेम्स पार्कर ह्यानें हरवलेल्या माणसांच्या शोधांत सुमारें आठ वर्षें रानोमाळ भटकण्यांत घालविलीं होतीं. त्याच्या चिकाटीला तोड नाहीं. ॲलन ल मे ह्याची सन १९५४ मधील 'द सर्चर्स' ही कादंबरी व तीवरून जॉन फोर्डनें १९५६ सालीं काढलेला बोलपट ह्यांच्या मुळाशीं हाच माणूस आहे असें मानतात. पण नातू परत आला तेव्हां त्याच आजोबानें सुटकेचा खर्च मिळाल्याशिवाय मुलाला त्याच्या बापाच्या स्वाधीन करण्याचें नाकारलें. अखेर बापाला ह्यूस्टनकडे दाद मागावी लागली व मूल त्याला मिळालें. मुलाची किंमत मागण्याचें पाप कोमांचींच्या एकट्यांच्या माथीं मारतां येत नाहीं.

ह्याच काळांत सॅन अँटोनियो येथें एक घटना घडली, तिचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. १९ मार्च १८४० रोजीं तहाचें बोलणें करण्यासाठीं बारा कोमांची नायक आपल्या बायकामुलांसह त्या शहरांत आले. सर्व गोरे कैदी आणून द्यावेत अशी टेक्सासची अट होती. त्यांनीं आणली मॅटिल्डा लॉकहार्ट ही सोळा वर्षांची मुलगी आणि कांहीं मेक्सिकन मुलें. मुलीच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या असें शहरांतल्या स्त्रियांनीं लिहून ठेवलें आहे. बाकीचे कैदी कोठें, असें विचारतां नायकांनीं सांगितलें कीं ते दुसऱ्या टोळ्यांकडे आहेत आणि त्यांवर आमची सत्ता चालत नाहीं. हें उत्तर खरें होतें. कोमांचींच्या अनेक टोळ्या होत्या. पेनाटेका टोळीच्या शब्दानें नोकोनी किंवा क्वाहादी टोळी बांधली जात नसे. परंतु राजा, मंत्री आणि सही-शिक्का असल्याशिवाय राष्ट्र कसें असूं शकतें हें टेक्सासच्या अधिकाऱ्यांना समजेना. सभागृहांत शिपाई बोलाविण्यांत आले आणि कैदी परत येईपर्यंत तुम्हीच आमचे कैदी, असें नायकांना सांगण्यांत आलें. सुरे निघाले, बंदुका झडल्या. पस्तीस कोमांची मेले, त्यांत बायका व मुलेंही होतीं. टेक्सासच्या बाजूचे सात पडले. सुमारें तीस कोमांची बायकामुलें कैद झालीं आणि त्यांपैकीं कांहींना शहरांतील कुटुंबांत घरकामासाठीं ठेवण्यांत आलें. तीं एकामागून एक पळून गेलीं. हें पळून जाणें स्वाभाविकच होतें असें त्या वेळच्या गोऱ्या लोकांनाही वाटलें. वीस वर्षांनंतर एका गोऱ्या बाईनें तेंच करूं पाहिलें तेव्हां मात्र तो तिचा बुद्धिभ्रंश ठरला.

ती बाई म्हणजे सिंथिया. तिच्या पहिल्या बंदिवासाची हकीकत तिनें स्वतः कधीं लिहिली नाहीं. जे गोरे लोक तिला पाहून आले त्यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानें ती कळते. एका कोमांची कुटुंबानें तिला लेक म्हणून वाढविलें. तिचें नांव नादुआ झालें. ती भाषा शिकली, कातडीं कमावूं लागली, घोड्यावर बसूं लागली, आणि हळूहळू इंग्रजी विसरली. सन १८४६ मध्यें लेनर्ड विल्यम्स हा कॅनेडियन नदीच्या कांठीं तिच्या टोळीच्या तळावर पोंचला. त्यानें तिच्या बदल्यांत खेचरें आणि माल देऊं केला. टोळीनें नकार दिला. त्याच वर्षीं अमेरिकन सरकारचे दोन आयुक्त, बटलर व लुइस, ह्यांनीं कळविलें कीं ती मुलगीच परत येण्यास राजी नाहीं. सोडवावयास कोणी आलें कीं ती पळून जाऊन लपते. तेव्हां ती सुमारें एकोणीस वर्षांची होती. पुढें आणखी कांहीं वर्षांनीं कॅप्टन रँडॉल्फ मार्सी ह्यानें लिहिलें कीं तिच्या आईनें तिच्या भावालाच तिला आणावयास धाडलें होतें, पण तिनें साफ नाकारलें. नवरा, मुलें, जें काय प्रिय आहे तें सर्व येथेंच आहे, आपण येथेंच राहणार, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता.

तिचा नवरा पीटा नोकोना हा नांवाजलेला लढवय्या. त्यांना क्वाना आणि पेकॉस असे दोन मुलगे झाले आणि मागाहून एक मुलगी, टोपसाना. ह्या नांवाचा अर्थ माळावरचें फूल असा करतात. अनेक बायका करण्याची रीत असलेल्या त्या समाजांत नोकोनानें दुसरी बायको केली नाहीं असें सांगतात.

हें चित्र रंगवितांना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सिंथियाच्या सुखी संसारामागें रेचेलचें मारलेलें मूल आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच समाजांत, एकाच काळीं खऱ्या होत्या. कोमांचींना केवळ निसर्गाचीं भोळीं लेंकरें ठरविणें किंवा केवळ राक्षस ठरविणें, हें दोन्ही सोपें आहे. टेक्सासनें शंभर वर्षें दुसरें केलें, आणि आतां कांहीं लेखक पहिलें करूं लागले आहेत. स्वतः नोकोनाही स्वाऱ्या करी, आणि त्या स्वाऱ्यांत कोणाच्या तरी सिंथियेला कोणी तरी घोड्यावर घालून आणीतच असेल. ज्या आईनें आपल्या हातांनीं दोन मुलें घोड्यांवर चढविलीं, ती ल्यूसी मुलीची पुन्हां भेट न होतांच वारली.

सन १८६० च्या डिसेंबरांत लॉरेन्स सलिव्हन रॉस नांवाच्या बावीस वर्षांच्या कप्तानानें सुमारें चाळीस रेंजर्स आणि वीसएक लष्करी स्वार घेऊन पीज नदीजवळ एका कोमांची तळावर छापा घातला. नोकोनाच्या टोळीनें त्या शरदांत वसाहतींवर क्रूर हल्ले केले होते, त्याचा हा सूड. परंतु तळ लढवय्यांचा नव्हता. मांस सुकवून, सामान बांधून निघण्याच्या तयारींत असलेला तो शिकारीचा तळ होता आणि मारल्या गेलेल्यांत बायकांचाच भरणा अधिक होता. तेथें वाटाड्या म्हणून असलेल्या चार्ल्स गुडनाइटनें पुढें तसें सांगितलें. रॉसनें मात्र आपण खुद्द पीटा नोकोनाला मारलें असें जाहीर केलें, त्याचा गाजावाजा झाला, आणि कालांतरानें सन १८८७ मध्यें तो टेक्सासचा गव्हर्नर झाला. क्वाना जन्मभर सांगत राहिला कीं आपला बाप त्या दिवशीं तेथें नव्हताच. तो पुढें कांहीं वर्षांनीं वारला. विजयाची बातमी वाढत जाते तशी मेलेल्या शत्रूची पदवीही वाढत जाते, हा अनुभव एकट्या टेक्सासचा नाहीं.

पळणाऱ्या घोड्यावर एक स्त्री छातीशीं मूल धरून होती. तिला पकडलें. चेहरा मळानें व चरबीनें माखला होता, पण डोळे निळे होते. ती रडत होती. तिला मारणार म्हणून नव्हे, तर आपले दोन मुलगे कोठें आहेत हें कळेना म्हणून. तिला कँप कूपर येथें नेण्यांत आलें आणि तिचा चुलता आयझॅक पार्कर ओळख पटविण्यास आला. दुभाष्याच्या मार्फत बराच वेळ प्रश्न झाले, कांहीं निष्पन्न होईना. अखेर म्हातारा इतरांना म्हणाला कीं आपल्या पुतणीचें नांव सिंथिया ॲन होतें. तें नांव कानावर पडतांच तिनें आपल्या छातीवर हात आपटून तें नांव उच्चारलें. चोवीस वर्षांत तिच्या मूळच्या भाषेंतलें एवढेंच तिच्यापाशीं उरलें होतें.

आतां तिच्या सुटकेचा उत्सव सुरू झाला. वर्तमानपत्रांत तिच्या कहाण्या आल्या. फोर्ट वर्थ गांवांत तिला पाहण्यास गर्दी लोटली. ऑस्टिन येथें तिला कायदेमंडळाच्या सज्जांत बसविलें असतां खालीं भांडणारे सभासद आपल्यालाच मारावें कीं काय ह्याचा विचार करीत आहेत असें वाटून ती भ्याली, अशीही हकीकत सांगतात. एप्रिल १८६१ मध्यें त्या कायदेमंडळानें तिला पांच वर्षें दरसाल शंभर डॉलरांची नेमणूक आणि एक लीग, म्हणजे ४,४२८ एकर, जमीन मंजूर केली. जमीन तिच्या हातीं कधींच पडली नाहीं. शिवाय तिच्यावर दोन चुलतभाऊ पालक म्हणून नेमण्यांत आले. तीन मुलांची आई, तीस वर्षें उलटून गेलेली, घोडा, राहुटी आणि घर सांभाळलेली ती स्त्री कायद्याच्या दृष्टीनें पुन्हां अज्ञान मूल झाली.

त्या सुमारास फोर्ट वर्थ येथें तिचा एक फोटो काढण्यांत आला. पदराखालीं झांकून घेण्याची रीत तिला ठाऊक नव्हती. ती मुलीला उघडपणें पाजीत बसली आहे. केंस कानापर्यंत कापलेले आहेत. पाहणाऱ्यांना तो रानटीपणा वाटला. वस्तुतः कोमांचींत कोणी मेलें म्हणजे बायका केंस कापतात. ती सुतक पाळीत होती. सर्व टेक्सास जिच्या पुनर्जन्माचा आनंद मानीत होता ती स्त्री आपल्या सर्व माणसांचा शोक करीत होती.

नातलग वाईट नव्हते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. आधीं चुलत्याकडे, मग भाऊ सायलसकडे, मग बहीण ऑर्लेनाकडे ती राहिली. हीं भावंडें कोणतीं? फोर्ट पार्करच्या सकाळीं फॉकनबेरीच्या बंदुकीमुळें आईजवळ राहिलेलीं तीं दोन धाकटीं. त्यांनीं तिला घर दिलें, कपडे दिले, चर्चला नेलें. ती सूत कातावयास व विणावयास शिकली, इंग्रजीही थोडें बोलूं लागली. कातडीं कमावण्यांत तर तिची बरोबरी करणारें पंचक्रोशींत कोणी नव्हतें. पण ती वारंवार पळून जाई आणि पुन्हां धरून आणली जाई. म्हणून तिच्यावर सतत नजर ठेवावी लागे. मुलांना भेटवून आणूं असें आश्वासन तिला दिलें होतें, पण अमेरिकेंतील यादवी युद्ध सुरू झालें आणि ती गोष्ट मागें पडली. एकदां कोहो स्मिथ नांवाचा कोमांची भाषा जाणणारा एक गृहस्थ त्या घरीं आला व त्यानें त्या भाषेंत एक-दोन शब्द उच्चारले. त्याबरोबर ती धांवत आली आणि एकसारखी बोलतच सुटली. आपल्याला आपल्या लोकांत नेऊन पोंचवा, हवे तेवढे घोडे देववीन, असें ती त्याला विनवीत राहिली. त्यानें नेलें नाहीं. त्यानेंच ही आठवण लिहून ठेविली आहे.

सन १८६४ च्या सुमारास टोपसाना तापानें व छातीच्या विकारानें वारली. सहा वर्षांचीही नव्हती. सिंथिया त्यानंतर खंगत गेली. सन १८७० च्या खानेसुमारींत तिचें नांव आढळतें, आणि त्याच सुमारास तिचा अंत झाला. अँडरसन परगण्यांतल्या एका खेड्यांतील स्मशानांत तिला पुरलें. पहिल्या बंदिवासांत ती चोवीस वर्षें होती, दुसऱ्यांत सुमारें दहा.

तिचा थोरला मुलगा क्वाना तेव्हां क्वाहादी टोळींत होता. टेक्सासच्या पठारावर ही टोळी शेवटपर्यंत झुंजली. सन १८७४ च्या २७ जूनला ॲडोबी वॉल्स येथें गव्यांच्या शिकाऱ्यांवर तिनें हल्ला केला तो फसला. त्याच वर्षीं २८ सप्टेंबरला कर्नल मॅकेंझीनें पालो ड्युरोच्या दरींत कोमांची, किओवा व शायेन लोकांचे तळ गांठून हजारावर घोडे गोळ्या घालून मारविले. ज्यांचें सर्वस्व घोडा, त्यांचा तो शेवट होता. २ जून १८७५ रोजीं क्वानानें ओक्लाहोमांतील फोर्ट सिल येथें शरणागति पत्करली.

तेथून ह्या माणसाचें दुसरें आयुष्य सुरू होतें आणि तें एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. त्यानें आईचें आडनांव लावलें. कुरणें गोऱ्या गवळ्यांना भाड्यानें देऊन पैसा केला, मोठें घर बांधलें, न्यायाधीशाचें काम केलें, पण केंस कापले नाहींत आणि बायका सोडल्या नाहींत. सन १९०५ मध्यें थिओडोर रूझवेल्टच्या पदग्रहणाच्या मिरवणुकींत तो घोड्यावर बसून गेला. आईची एखादी तसबीर कोणापाशीं असल्यास मिळावी म्हणून त्यानें फोर्ट वर्थच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली होती. तो केंस कापलेला, मुलीला पाजणारा फोटो त्याच्याकडे आला, आणि त्यावरून केलेलें चित्र त्याच्या घरांत भिंतीवर असे. आईच्या अस्थि टेक्सासमधून आणण्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली, ती अमेरिकेच्या काँग्रेसपर्यंत नेली, आणि सन १९१० च्या डिसेंबरांत त्या आपल्या घराजवळच्या पोस्ट ओक मिशनच्या स्मशानांत पुन्हां पुरविल्या. अडीच-तीन महिन्यांनीं, २३ फेब्रुवारी १९११ रोजीं, तोही वारला आणि तिच्या शेजारीं त्याला पुरलें.

तेथेंही त्यांना फार काळ राहतां आलें नाहीं. ती जागा लष्कराला क्षेपणास्त्रांच्या सरावासाठीं हवी होती, म्हणून १९५७ सालीं मायलेकांच्या अस्थि फोर्ट सिलच्या लष्करी स्मशानांत हलविण्यांत आल्या, म्हणजे ज्या ठाण्यावर क्वाना शरण आला होता त्याच ठाण्यावर. टोपसानाची कबर टेक्सासमध्येंच राहिली होती; १९६५ सालीं तिलाही तेथें आणून आईजवळ पुरण्यांत आलें.